कांद्याच्या भावामागचा रंग

डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते. मंद्रूप, कंदलगाव, भंडारकवठे या दक्षिण सोलापूरच्या पट्ट्यातला शेतकरी गाडी भरण्याआधी फोनवर भाव बघतो. बहुतेक वेळा तो बांधावर उभा असतो, डोक्यावर ऊन असते आणि फोनच्या काचेवर धूळ बसलेली असते. अशा वेळी भावाचा आकडा त्याला एका नजरेत वाचता येतो की नाही, हे त्या आकड्याच्या मागे काय रंगवले आहे यावर बरेच अवलंबून असते.

हा लेख ॲप बनवायला शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींसाठी आहे. बटणाचा, कार्डाचा, वरच्या पट्टीचा आकार स्वतः कसा आखायचा आणि त्यात एका रंगातून दुसऱ्या रंगात उतरत जाणारा ग्रेडियंट कसा भरायचा, हे यात सांगतो. शिकण्यासाठी एकच ॲप डोळ्यांपुढे धरू. मंद्रूप परिसरासाठी तीन पाने: कांद्याचा भाव, उजनी धरणाचा पाणीसाठा आणि जवळपासची पाहण्याजोगी ठिकाणे. माझा आग्रह एकच आहे. आधी अक्षरे आणि आकडे पक्के करा, त्यांचा आकार, जागा, रंग ठरवा आणि मगच मागचा आकार नि रंग निवडा. बहुतेक जण उलटे करतात. आधी एक देखणा ग्रेडियंट कुठून तरी उचलतात आणि मग त्यावर अक्षरे दिसत नाहीत म्हणून अक्षरांना सावल्या देत बसतात.

पहिला प्रश्न असा की बॅकग्राउंड म्हणून सरळ चित्रच का टाकू नये? १०८० बाय २४०० पिक्सेलचे चित्र फोनच्या मेमरीत उघडले की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात, म्हणजे एक कोटीहून जास्त बाइट, ढोबळ मानाने १० एमबी. फाइल दाबून कितीही लहान केलीत तरी स्क्रीनवर येताना ती एवढीच जागा खाते. कमी रॅमच्या फोनवर त्याचा भार लगेच जाणवतो. शिवाय वेगळ्या आकाराच्या स्क्रीनवर चित्र ताणले जाते. ॲण्ड्रॉइडमध्ये तोच रंग आणि तोच आकार शेप ड्रॉएबल नावाच्या दहाबारा ओळींच्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहिता येतो. तिथे आपण चित्र देत नाही, नियम देतो, आणि फोन तो नियम आपापल्या स्क्रीनच्या मापाने काढून घेतो.

शेप ड्रॉएबलमध्ये मूळ आकार चारच आहेत: आयत, लंबगोल, रेघ आणि कडे. आयताचे कोपरे गोल करण्यासाठी कॉर्नर्समध्ये त्रिज्या द्यायची, आणि चारही कोपऱ्यांना वेगवेगळी त्रिज्याही देता येते. कडेला रेघ हवी तर स्ट्रोक, आत रंग हवा तर सॉलिड किंवा ग्रेडियंट. सगळी मापे डीपीमध्ये लिहा, पिक्सेलमध्ये नको. इंचाला १६० ठिपके असलेल्या स्क्रीनवर १ डीपी म्हणजे १ पिक्सेल, तर ४८० ठिपक्यांच्या स्क्रीनवर तोच १ डीपी ३ पिक्सेलचा होतो. त्यामुळे स्वस्त आणि महाग दोन्ही फोनवर कोपरा डोळ्याला सारखाच गोल दिसतो. कांद्याच्या भावाच्या कार्डाला १२ डीपी त्रिज्या पुरेशी आहे. गोलाई फार वाढवली की कार्डाच्या कोपऱ्यातली अक्षरे आत सरकवावी लागतात आणि लहान स्क्रीनवर ती जागा परवडत नाही.

आता रंग. समजा वरच्या पट्टीला लाल कांद्याच्या सालीचा गडद रंग दिला: लाल १२२, हिरवा २८, निळा ७२. त्यावर पांढरी अक्षरे. दोन रंगांच्या उजळपणातला फरक मोजण्याचे एक मान्य गणित आहे, त्याने हा फरक दहास एक येतो. डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेच्या मार्गदर्शक निकषांनुसार साध्या आकाराच्या अक्षरांना किमान साडेचारास एक आणि मोठ्या अक्षरांना तीनास एक एवढा फरक हवा, म्हणजे या टोकाला चिंता नाही. पण त्याच पट्टीचे दुसरे टोक फिकट गुलाबी केले, लाल २३६, हिरवा १६०, निळा १७८, तर पांढऱ्या अक्षरांशी फरक दोनास एकवर येतो. म्हणजे ‘सोलापूर कांदा’ असे लिहिले तर ‘सोलापूर’ दिसेल आणि ‘कांदा’ पुसट होईल. ग्रेडियंटमध्ये हाच धोका असतो. एका रंगाला एकदा तपासले की काम होते, ग्रेडियंट मात्र अक्षरांखालच्या सगळ्यात वाईट जागी तपासावा लागतो. फिकट टोक बदलून लाल १७६, हिरवा ५८, निळा १०४ केले तर फरक पावणेसहाच्या आसपास राहतो आणि उतरती छटाही दिसते.

हे सगळे आकडे सावलीतले आहेत. उन्हात काचेवरून परत येणारा उजेड अक्षरांवरही पडतो आणि मागच्या रंगावरही, त्यामुळे दोघांतला फरक झपाट्याने घटतो. समजा हा परतीचा उजेड स्क्रीनच्या स्वतःच्या पांढऱ्याच्या निम्मा आहे. मग पांढऱ्यावर काळे, हा सगळ्यात मोठा फरकसुद्धा तीनास एकवर येतो. गडद कांदारंगावर पांढरे २.७ राहते आणि त्या फिकट गुलाबीवर पांढरे दीडच्या आसपास. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हाचे ऊन याहून सौम्य नसते. म्हणून मी ग्रेडियंट वरच्या पट्टीपुरता ठेवीन. भावाचा आकडा साध्या, एकरंगी, पांढऱ्या कार्डावर काळ्या ठळक अक्षरांत असावा, त्याच्या मागे कुठलीही छटा नको.

मराठी अक्षरांसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. इंग्रजी शिकवणीतून घेतलेल्या बटणाची उंची ठरलेली असते आणि आतली मोकळी जागा मोजकी. तिथे ‘र्’ चा रफार, वेलांटी, अनुस्वार शिरोरेघेच्या वर जातात, उकार आणि ऋकार खाली लोंबतात, आणि आकाराची कड नेमकी त्यांनाच छाटते. ‘पूर्वीचे दर’ एवढेच लिहून पाहा, वरचा रफार नि वेलांटी आणि खालचा ऊकार एकाच शब्दात मिळतात. दक्षिण सोलापुरात घरोघरी कन्नडही बोलतात. ॲपमध्ये कन्नड ठेवणार असाल तर त्या लिपीत जोडाक्षराचा दुसरा भाग खाली उतरतो, म्हणजे खालची जागा आणखी लागते. म्हणून उंची बांधून टाकू नका. किमान उंची ४८ डीपी द्या, कारण बोटाला नीट लागण्यासाठी ॲण्ड्रॉइड तेवढीच सुचवते, आणि वरखाली किमान १० डीपी पॅडिंग ठेवून उंची मजकुराप्रमाणे वाढू द्या. नंतर फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा करून बघा. चष्मा घरी विसरणारे वाचक तो तसाच ठेवतात.

ग्रेडियंटची दिशा अँगलने देतात. शेप ड्रॉएबलमध्ये तो ४५ च्या पटीतच चालतो. ० म्हणजे डावीकडून उजवीकडे, ९० म्हणजे खालून वर, २७० म्हणजे वरून खाली. नव्याने शिकणाऱ्याला ९० म्हणजे वरून खाली असे वाटते आणि रंग उलटे पडतात. ४५ ची गंमत वेगळी आहे. तिथे ग्रेडियंट आकाराच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे जातो, म्हणून चौकोनात तो खरोखर तिरपा दिसतो, पण ३२८ डीपी रुंद आणि ४८ डीपी उंच बटणात त्याचा तिरपेपणा जेमतेम आठ अंशांचा उरतो. रुंद बटणाला ० देऊन मोकळे व्हा. गोल पसरणारा रेडियल ग्रेडियंट घेतलात तर त्रिज्या द्यावीच लागते, ती विसरली तर फाइल उघडतानाच ॲप बंद पडते.

आणखी एका जागी मुले तासन् तास अडकतात. ग्रेडियंटची फाइल बरोबर, बटणाला ती दिलीही बरोबर, तरी बटण एकरंगी जांभळेच दिसते. मटेरियल थीममध्ये साधे बटणही आतून मटेरियल बटण होते आणि ते आपल्या बॅकग्राउंडवर थीमच्या मुख्य रंगाचा टिंट चढवते. बॅकग्राउंड टिंट रिकामा, म्हणजे ‘नल’ करा, ग्रेडियंट दिसू लागेल. साध्या ॲपकॉम्पॅट बटणाला स्वतःचा आकार दिलात की दाबल्यावर उमटणारी लहर जाते, आणि बटण लागले की नाही हे दाबणाऱ्याला कळत नाही. त्यासाठी आपला आकार रिपल ड्रॉएबलच्या आत ठेवा.

दोन रंग निवडताना मधल्या रंगाकडे लक्ष असू द्या. ॲण्ड्रॉइड लाल, हिरवा, निळा या तिन्ही आकड्यांची सरळ सरासरी काढत जाते. शुद्ध निळा ०, ०, २५५ आणि पिवळा २५५, २५५, ० घेतला तर बरोबर मध्ये १२७-१२८ चे तीन सारखे आकडे येतात, म्हणजे राखाडी. लाल आणि हिरव्याच्या मध्ये मळकट शेवाळी येते. समोरासमोरचे रंग जोडायचेच असतील तर सेंटर कलर म्हणून एक तिसरा, उजळ रंग स्वतः द्या. त्यापेक्षा एकाच रंगाच्या दोन छटा घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, वर कांद्याच्या रंगात केले तसे.

वरच्या पट्टीची खालची कड सरळ नको, हलकी गोलसर हवी असेल तर मूळ चार आकार पुरत नाहीत, वाट स्वतः आखावी लागते. जेटपॅक कंपोजमध्ये त्यासाठी जेनेरिक शेप आहे, फ्लटरमध्ये कस्टम क्लिपर. दोन्हीकडे विचार एकच. डाव्या वरच्या कोपऱ्यातून निघा, सरळ उजव्या कोपऱ्यापर्यंत जा, तिथून खाली उतरा पण पूर्ण उंचीच्या ३२ डीपी आधी थांबा. तिथून डाव्या बाजूच्या तेवढ्याच उंचीवर जाणारी क्वाड्रॅटिक वक्ररेषा काढा आणि तिचा नियंत्रणबिंदू रुंदीच्या मध्यावर, पूर्ण उंचीच्या ३२ डीपी खाली ठेवा. मग आकार बंद करा. नियंत्रणबिंदू पट्टीच्या बाहेर पडतो म्हणून घाबरू नका. अशी वक्ररेषा आपल्या दोन टोकांच्या आणि नियंत्रणबिंदूच्या बरोबर अर्ध्यावर वळते, त्यामुळे तिचा तळ नेमका पट्टीच्या पूर्ण उंचीला टेकतो, काही कापले जात नाही. हेच वळण व्हेक्टर फाइल ताणून आणले तर टॅबलेटवर ते चपटे होते. कोडमध्ये रुंदी-उंचीवरून काढलेले कुठल्याही स्क्रीनवर टिकते. मात्र ३२ डीपीचे पिक्सेल करून घ्यायला विसरू नका, कारण आकार काढताना मोजमाप पिक्सेलमध्ये चालते. फ्लटरमध्ये हा फेरा नाही, तिथली मापे आधीच तशी असतात.

आता उजनी. सोलापूर जिल्ह्यात ‘उजनी किती टक्के?’ हा बारमाही प्रश्न आहे. उजनीतून भीमेत सोडलेले पाणी औज-चिंचपूर बंधाऱ्यांपर्यंत येते आणि टाकळीहून सोलापूर शहर ते उचलते, म्हणजे मंद्रूपकरांच्या अगदी शेजारचा विषय. ॲपमध्ये टक्के दाखवायचे म्हटले की पहिली कल्पना गोल कड्याची येते. मूळ आकारांत कडे आहेच, त्यात गोल फिरणारा स्वीप ग्रेडियंट भरता येतो. तांत्रिक अडचणी दोन आहेत. कड्याला यूज लेव्हल ‘फॉल्स’ केले नाही तर कडे दिसतच नाही, आणि स्वीप ग्रेडियंट घड्याळातल्या तीनच्या जागी सुरू होतो, त्यामुळे तिथे पहिला नि शेवटचा रंग एकमेकांना भिडून एक आडवी चीर दिसते. आकार ९० अंश उलटा फिरवला की ती चीर बाराच्या जागी जाते, जिथे ती शोभते.

पण उजनीसाठी कडे मुळातच चुकीचे आहे. धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्यातला ६३ टीएमसीहून थोडा जास्त मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेले तळाचे पाणी, आणि साडेत्रेपन्नच्या आसपास उपयुक्त साठा. बातम्यांतले टक्के उपयुक्त साठ्याचे असतात. पाऊस चांगला झाला की ते शंभराच्या पुढे जातात आणि वाईट उन्हाळ्यात मृतसाठ्यात हात घालावा लागला की आकडा वजा होतो. मृतसाठा उपयुक्त साठ्यापेक्षा मोठा असल्याने हिशेबाने तो वजा शंभराच्याही खाली जाऊ शकतो. शून्य ते शंभर एवढेच सांगणाऱ्या कड्यात हे बसवायचे कसे? उलट्या दिशेने फिरवलेले कडे कुणालाही न शिकवता कळणार नाही.

इथे उभा स्तंभ घ्या. २०० डीपी उंच, कोपरे ८ डीपी गोल. संपूर्ण स्तंभ १२५ टीएमसीचा धरा, म्हणजे शंभराच्या वरचे पाणीही मावेल. मग मृतसाठ्याची रेघ तळापासून साधारण १०२ डीपीवर येते आणि शंभर टक्क्यांची १८८ डीपीच्या जवळ. त्या दोन्ही जागी आडव्या रेघा आखून त्यांच्याशेजारी ‘शून्य टक्के’ आणि ‘शंभर टक्के’ असे लिहा. भरलेला भाग दाखवायला क्लिप ड्रॉएबल वापरा, दिशा उभी आणि टेकण तळाला. त्याची पातळी ० ते १०,००० अशी द्यायची असते, म्हणून टीएमसीच्या आकड्याला ८० ने गुणले की झाले.

रंग या जागी खरोखर कामाला येतो. स्तंभात खाली विटकरी आणि वर निळा द्या, पण बदल शून्याच्या रेघेवर होऊ द्या, मध्ये लांबलचक छटा नको, कारण पाणी मृतसाठ्यात गेले की नाही याचे उत्तर हो किंवा नाही असेच असते. आणि हा रंग पूर्ण स्तंभाला बांधलेला असावा, भरलेल्या भागाला नाही. पुष्कळ ॲपमध्ये ग्रेडियंट भरलेल्या पट्टीला दिलेला असतो. पाणी कमी झाले की ग्रेडियंटही आकसतो आणि तळाला विटकरी-निळ्याची तीच जोडी पुन्हा दिसते. क्लिप ड्रॉएबल मागचा रंग न हलवता फक्त दिसणारा भाग कमीजास्त करते, म्हणून मी तेच निवडले. रंगाच्या जोडीला आकडाही ‘वजा’ हा शब्द लिहूनच द्या. नुसती आडवी खूण उन्हात सुटून जाते, आणि काहींना लाल-हिरव्यासारख्या रंगांतला फरक दिसत नाही.

तिसऱ्या पानावर छायाचित्रे येतील. मंद्रूपच्या दक्षिणेला भीमा-सीना संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे आणि त्याच परिसरात अनेक मुखांचे शिवलिंगही. अशा छायाचित्रावर ठिकाणाचे नाव लिहायचे तर दगडाचे उजळ-गडद डाग अक्षरांशी भांडतात. इथे ग्रेडियंटला पर्याय नाही. छायाचित्राच्या खालच्या तिसऱ्या भागावर पूर्ण पारदर्शक काळ्यापासून साधारण ६५ टक्के काळ्यापर्यंत उतरणारा पडदा टाका आणि पांढरे नाव त्याच्या गडद टोकावर ठेवा. कोरीव काम वर मोकळे राहते. काळ्याऐवजी पांढरा पडदा हवा असेल तर सावध राहा. ‘ट्रान्स्परंट’ हा तयार रंग म्हणजे पारदर्शक काळा असतो. त्यापासून पांढऱ्यापर्यंत गेलात तर काही ठिकाणी मध्ये धुरकट करडा पट्टा उमटू शकतो. तिथे पारदर्शक पांढरा, म्हणजे तिन्ही रंग २५५ आणि पारदर्शकतेचा आकडा शून्य, असा रंग स्वतः लिहा.

काही वेळा ग्रेडियंट गुळगुळीत न दिसता पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो, सोलापुरी चादरीवरच्या नक्षीची तिरपी कड जवळून पाहावी तसा. कारण साधे आहे. आपल्या कांदारंगात लाल १२२ पासून १७६ पर्यंत जातो, म्हणजे मध्ये ५४ च पायऱ्या. त्या २४०० पिक्सेलवर पसरल्या तर प्रत्येक पायरी ४४ पिक्सेलची होते आणि गडद रंगात ती डोळ्याला दिसते. ४०० पिक्सेलच्या पट्टीत तीच सात पिक्सेलची होते आणि विरून जाते. जवळचे दोन रंग पूर्ण स्क्रीनभर पसरू नका.

शेवटी तपासणी. फोनच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जीपीयू ओव्हरड्रॉ दाखवण्याची सोय आहे. एका जागी किती थर पुन्हा पुन्हा रंगवले जातात ते त्यात कळते: एकदा जादा तर निळे, दोनदा हिरवे, तीनदा गुलाबी आणि चार किंवा जास्त वेळा लाल. भावाची यादी लालभडक दिसली तर खिडकीचा रंग, पानाचा रंग, यादीचा रंग आणि कार्डाचा रंग एकमेकांवर चढलेत असे समजा आणि जे झाकलेच जातात ते काढून टाका. जुन्या फोनवर यादी अडखळत सरकते तिचे हे एक कारण असते. ॲण्ड्रॉइड १० पासून फोनभर डार्क थीम आली आहे, म्हणून रंगांचे आकडे शेपच्या फाइलमध्ये न लिहिता रंगांच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि रात्रीच्या फोल्डरात त्यांची दुसरी जोडी द्या. नावे ‘गडदलाल’ अशी न देता ‘पट्टीसुरुवात’, ‘पट्टीशेवट’ अशी कामावरून द्या, म्हणजे रात्री रंग बदलला तरी नाव खोटे पडत नाही. हे झाले की फोनची ब्राइटनेस अर्ध्यावर आणा, दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अंगणात जा, आणि ज्याने हे ॲप कधी पाहिलेले नाही अशा घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात फोन द्या. आजचा भाव आणि उजनीचा आकडा तुम्ही बोट न दाखवता त्यांनी वाचला, तर रंग बरोबर निवडलेत.